केडगाव ते इंदापूर : गर्दी, साक्षात्कार आणि संशय

🧵 १.
सन १९०५. जून महिन्याचा शेवट, ज्येष्ठ वद्य पंधरवडा. आषाढी एकादशी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात होती; म्हणजे पंढरीची वारी तेव्हा वाटेवर होती. याच दिवसांत पुण्याच्या पूर्वेस केडगाव येथे शेकडो स्त्रिया आणि मुली एका प्रार्थनामंदिरात रात्रभर रडत, कापत, मोठमोठ्याने प्रार्थना करीत होत्या. पुढे या घटनेचे पडसाद दक्षिण अमेरिकेतील चिली देशापर्यंत पोहोचले. जगातील पहिल्या ‘मेगाचर्चां’पैकी एकाच्या वंशावळीत आपल्या भीमथडीतील हे गाव बसलेले आहे.

२.
आज केडगाव दौंड तालुक्यात येते. एकोणिसाव्या शतकात मात्र केडगाव आणि बारामती ही दोन्ही गावे जुन्या भीमथडी तालुक्यात मोडत. पलीकडे इंदापूर. केडगाव-चौफुला, वरवंड, बारामती, इंदापूर या पट्ट्यातून तुकोबांची पालखी जाते. श्रद्धा, गर्दी आणि संशय या तिघांचा महाराष्ट्रातील इतिहास इतक्या थोड्या कोसांत सापडणारा दुसरा रस्ता विरळाच. या धाग्यात आपण त्याच रस्त्याने जाणार आहोत.

३.
आधी प्रश्न नीट मांडू. तीन प्रश्न आहेत. हजारो लोक एकत्र जमले, तर त्यांची श्रद्धा खरी ठरते काय? एखाद्याला आतून प्रचंड अनुभव आला, तर त्याने तत्त्व सिद्ध होते काय? आणि जो शंका घेतो, तो श्रद्धेचा शत्रू असतो काय? समाजमाध्यमांवर या प्रश्नांची उत्तरे एका ओळीत मिळतात. इतिहासात तशी मिळत नाहीत, म्हणूनच तो वाचावा.

४.
आरंभ बारामतीपासून करू. कऱ्हाकाठच्या या गावी अठराव्या शतकात बाबूजी नाईक यांच्या आश्रयाने मोरोपंत राहत होते. जन्म पन्हाळ्याचा, सन १७२९. मृत्यू बारामतीत, सन १७९४. एकशे आठ रामायणे रचणारा हा कवी शाळेच्या पुस्तकांमुळे ‘यमकांचा कवी’ एवढाच आपल्याला ठाऊक असतो. त्याने ‘संशयरत्नमाला’ नावाचे एक प्रकरण लिहिले आहे, हे फारसे कोणी सांगत नाही.

५.
नावाकडे पाहा : संशयांची रत्नमाला. पूर्वी संकटात सापडलेल्या भक्तांच्या हाकेला धावलेला देव आपल्या वेळी का येत नाही, याविषयीच्या शंका कवी एकामागून एक देवापुढे मांडतो. ‘केकावली’तही हाच सूर आहे, मोराने मेघासाठी टाहो फोडावा तशी ही हाक, आणि हाकेत वाद घालण्याचा हक्क गृहीत धरलेला. पेशवाईतला एक सनातनी पुराणिक संशयाला दागिना म्हणतो, ही गोष्ट लक्षात ठेवावी. मोरोपंतांचा संशय देव आहे की नाही असा नाही. देव आपले वचन पाळतो की नाही, असा आहे. संशयाचेही प्रकार असतात, हा या रस्त्यावरचा पहिला धडा.

६.
आता वारीकडे वळू. तुकोबांचे धाकटे पुत्र नारायणमहाराज यांनी सन १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला, असे परंपरा सांगते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी आळंदीचा सोहळा स्वतंत्र केला. तुकोबांची पालखी बारामतीहून निघाली की काटेवाडीस परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, आणि मेंढ्या पालखीभोवती रिंगण धरतात. बेलवाडीस गोल रिंगण, इंदापुरास गोल रिंगण, आणि सराटीजवळ नीरा नदीत पादुकांचे स्नान. त्यानंतर पालखी पुणे जिल्हा सोडते.

७.
ही गर्दी कोणाच्या आमंत्रणाने जमत नाही. येथे व्यासपीठावरचा एक वक्ता नाही, एक मालक नाही. दिंड्या आपापल्या, विणेकरी आपापले, चुलीही आपापल्या. एवढा मोठा समुदाय एका व्यक्तीच्या शब्दावर न चालता शिस्तीवर चालतो, हे समाजशास्त्राच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. पालखी जेथे मुक्काम करते ते इंदापूर मालोजीराजे भोसले यांच्या जहागिरीचे गाव. मालोजीराजांची गढी आणि चांदशावलीचा दर्गा दोन्ही त्याच गावात आहेत. एका श्रद्धेच्या वाटेवर दुसरीचे घर असणे येथे नवलाचे नव्हते.

८.
तरीही वारीचे भाबडे गोडवे गाऊन इतिहासकाराचे काम संपत नाही. इरावती कर्वे आळंदीच्या पालखीबरोबर चालल्या आणि त्यावर त्यांनी लेख लिहिला. वारीतील आपलेपणाने त्या भारावल्या होत्या; पण ब्राह्मण आणि मराठा वारकरी एकत्र भजन म्हणतात आणि जेवायला मात्र वेगळे बसतात, हे त्यांनी तितक्याच स्पष्टपणे नोंदवले. प्रेमाने चालता चालता डोळे उघडे ठेवता येतात, याचे हे उदाहरण. आणि स्वतः तुकोबांनी ढोंगी साधू, अंगात आणणारे आणि नवसांचे बाजार मांडणारे यांच्यावर जेवढे कोरडे ओढले, तेवढे क्वचितच एखाद्या नास्तिकाने ओढले असतील.

९.
येथून आपण केडगावला येतो. पंडिता रमाबाई. जन्म २३ एप्रिल १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवण्याचा ‘अपराध’ केला होता. हे कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थक्षेत्रे फिरले, पुराणे सांगितली, व्रते केली, दानधर्म केला. मग १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ आला. आई, वडील आणि थोरली बहीण उपासमारीत गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास दोघेच उरले. ते पायी हजारो मैल भटकले.

१०.
रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात लिहिले आहे की, शास्त्रात सांगितलेले सर्व करूनही देव पावले नाहीत, तेव्हा दोघा भावंडांची श्रद्धा ढळली. हा ग्रंथ वाचून आलेला संशय नव्हता, तो भुकेतून आला होता. मोरोपंतांच्या शंकेशी त्याचे विलक्षण साम्य आहे : वचन होते, हाक मारली, कोणी आले नाही. मोरोपंत तरीही त्याच दारात बसून राहिले. रमाबाई दुसरे दार शोधायला निघाल्या.

११.
सन १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचण्यास सांगितले, तेव्हा त्या गडबडल्या. कारण स्त्रीला तो अधिकार नाही असेच त्या शिकल्या होत्या. भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा नोंदणी विवाह झाला. १८८२ मध्ये पतीही गेला. कडेवर लहानगी मनोरमा घेऊन त्या पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

१२.
बहुतेक गोष्टी येथे संपवल्या जातात : ‘रमाबाई ख्रिस्ती झाल्या.’ खरा इतिहास येथून सुरू होतो. बाप्तिस्म्यानंतर लगेच त्यांचा आपल्या धर्ममातेशी, म्हणजे सिस्टर जेराल्डीन यांच्याशी आणि चर्चच्या अधिकाऱ्यांशी वाद जुंपला. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटेना. धर्मगुरू सांगतो म्हणून मान्य करावे, हे तर मुळीच पटेना. भारतात पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले, आता दुसरे जोखड मानेवर घेणार नाही, अशा आशयाचे पत्र त्यांनी १८८५ मध्ये लिहिले. परक्या देशात, परक्यांच्या आश्रयाला राहणाऱ्या, विशीतल्या विधवा बाईचे हे धारिष्ट्य आहे.

१३.
इकडे पुण्यात त्यांच्यावर टीकेचा भडिमार चालू होता. त्या वेळी त्यांच्या बाजूने कोण बोलले? जोतीराव फुले. १८८५ मध्ये काढलेल्या ‘सत्सार’ या पत्रिकेत त्यांनी रमाबाईंच्या धर्मांतराचा कैवार घेतला. एवढी विदुषी बाई धर्म का सोडते, याचा विचार आधी करा, असा त्यांचा रोख होता. फुले स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत. २४ सप्टेंबर १८७३ रोजी त्यांनी सत्यशोधक समाज स्थापला, तो मध्यस्थाशिवाय ईश्वराकडे जाण्यासाठी. ते ‘निर्मिक’ मानत आणि पोथी, पुरोहित, मुहूर्त नाकारीत. आजच्या भाषेत त्यांना आस्तिक म्हणावे की संशयवादी, हे ठरवता येत नाही, कारण ते एकाच वेळी दोन्ही होते.

१४.
त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ या ग्रंथात एका कुटुंबाचे चित्र येते. घरातील बाईने अभ्यास करून बौद्ध धर्म स्वीकारावा, नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे, मुलाने सत्यधर्म मानावा. आणि सर्वांनी एकमेकांचा हेवा न करता एका घरात प्रेमाने नांदावे. यातील प्रत्येक जण आधी वाचतो, मग ठरवतो. हा बारकावा पुढे कामाला येईल.

१५.
रमाबाई अमेरिकेत गेल्या. १८८७ मध्ये त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे इंग्रजी पुस्तक निघाले. बॉस्टनमध्ये त्यांच्या नावाने संस्था निघाली, आणि तिने दहा वर्षे मदत देण्याचे मान्य केले. अट अशी की शाळेत धर्मप्रसार होणार नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले, पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळात होते.

१६.
१८९३ मध्ये स्फोट झाला. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, काही विधवा मुली येऊन बसत. रमाबाईंचे म्हणणे : मी कोणाला बोलावत नाही आणि कोणाला हाकलणारही नाही. विरोधकांचे म्हणणे : ज्या मुलीचे अन्न, वस्त्र आणि भविष्य तुमच्या हाती आहे, तिच्यासाठी उघडे दार हेच आमंत्रण असते. ‘केसरी’ने झोड उठवली. रानडे आणि भांडारकर यांनीही राजीनामे दिले. आणि ते काही सुधारणेचे शत्रू नव्हते. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

१७.
मित्रहो, येथे घाईने बाजू घेऊ नये. रमाबाईंच्या बाजूला सदसद्विवेकस्वातंत्र्य आहे : विधवेने केस ठेवावेत की नाही हे ज्या समाजाने ठरवले, तोच आता तिने कोणती प्रार्थना ऐकावी हेही ठरवणार काय? विरोधकांच्या बाजूला खरा प्रश्न आहे : आश्रिताची निवड कितपत मुक्त असते? पहिला प्रश्न विचारणारे दुसरा टाळतात आणि दुसरा विचारणारे पहिला. १८९३ पासून आजपर्यंत हा खेळ तसाच चालू आहे.

१८.
मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. आपले आईबाप ज्या मरणाने गेले, तेच मरण मध्य प्रांतात शेकडो मुलींच्या समोर उभे होते. रमाबाई स्वतः तेथे गेल्या आणि मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावला रेल्वे स्थानकाजवळ घेऊन ठेवलेल्या सुमारे शंभर एकर जमिनीवर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. हेच ‘मुक्ती सदन’. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर येथील संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. विहिरी, शेती, विणकाम, छापखाना, अंध मुलींसाठी शिक्षण. स्त्रियांनी चालवलेले एक गावच ते. येथे धर्मशिक्षण उघडपणे ख्रिस्ती होते.

१९.
आता १९०५. वेल्समध्ये त्या सुमारास मोठी धार्मिक जागृती चालू होती. तिची वार्ता ऐकून रमाबाईंनी जानेवारीत सत्तरेक जणींचा रोजचा प्रार्थनागट सुरू केला. जूनपर्यंत तो काही शेकड्यांवर गेला. जूनच्या अखेरीस एका मुलीला पहाटे असा अनुभव आला की आपण अग्नीने वेढलो आहोत. मिनी अब्राम्स या अमेरिकन सहकारिणीने लिहून ठेवले आहे की शेजारच्या मुलीला तो जाळ खरोखरीचा वाटला आणि ती पाण्याची बादली आणायला धावली. नंतर रडणे, पापांची कबुली, हसणे, नाचणे, एकाच वेळी सर्वांनी मोठ्याने प्रार्थना करणे, आणि पुढे ‘अन्य भाषांत’ बोलणे. हे महिनोन्‌महिने चालले.

२०.
बादलीची गोष्ट मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते. तिच्यात आस्तिकाला दैवी अग्नी दिसेल, संशयवाद्याला सामूहिक भ्रम. पण ती मुलगी स्वतः काय करते? तिला जाळ दिसतो आणि ती पाणी आणायला जाते. त्या क्षणी तिच्यापुढे मैत्रीण वाचवण्याचा प्रश्न होता. अनुभवाचा अर्थ लावणारे नंतर येतात. अनुभव घेणारी माणसे आधी माणसेच असतात.

२१.
टीका झालीच, आणि ती प्रथम ख्रिस्ती वर्तुळांतूनच झाली. अनेक मिशनऱ्यांना हा उन्माद वाटला, अशिक्षित मुलींचा भावनातिरेक वाटला. रमाबाईंचे उत्तर दुहेरी होते. एकीकडे त्यांनी बजावले की हिंदी माणसाची प्रार्थना युरोपीय शिस्तीतच बसली पाहिजे असा आग्रह धरू नका. दुसरीकडे, अन्य भाषांत बोलणे हीच पवित्र आत्म्याची एकमेव खूण, हे मत त्यांनी स्वीकारले नाही. त्या स्वतः त्या भाषांत बोलल्याही नाहीत. आपल्या अंगणात उसळलेल्या लाटेला त्यांनी आडवले नाही, पण लाटेच्या उंचीवर श्रद्धेचे माप ठरवू दिले नाही.

२२.
हे महत्त्वाचे का? पुढच्याच वर्षी, एप्रिल १९०६ मध्ये, लॉस एंजेलिसच्या ऑझुसा स्ट्रीटवर विल्यम सीमोर या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाच्या नेतृत्वाखाली सभा सुरू झाल्या. जगभरच्या पेंटेकॉस्टल चळवळीचा उगम सहसा तेथे दाखवतात. केडगाव त्याच्याही आधीचे आहे. १९०६ मध्ये मिनी अब्राम्स यांनी मुक्तीतील अनुभवांवर पुस्तिका लिहिली आणि चिलीतील आपल्या जुन्या मैत्रिणीला, विलिस हूवर या मेथडिस्ट मिशनऱ्याच्या पत्नीला, ती पाठवली. १९०९ मध्ये वाल्पाराइसो येथे तशीच लाट उसळली. मूळ मेथडिस्ट चर्चने ती नाकारली, आणि चिलीची स्वतंत्र पेंटेकॉस्टल चर्चे जन्मास आली.

२३.
त्यांतीलच एका चर्चचे सांतियागो शहरातील जोताबेचे मंदिर पुढे अवाढव्य वाढले. अभ्यासक दर आठवड्याला दोन हजारांहून अधिक उपासक जमणाऱ्या चर्चला ‘मेगाचर्च’ म्हणतात. जोताबेचे या मापाच्या फार पुढे गेले. १९७४ मध्ये त्याच्या भव्य नव्या वास्तूचे उद्घाटन झाले, तेव्हा लष्करी हुकूमशहा पिनोशे समारंभास उपस्थित होता. दुष्काळातून वाचलेल्या मुलींच्या प्रार्थनेपासून निघालेला एक धागा सत्तर वर्षांत सत्तेच्या खुर्चीपाशी पोहोचला. दोष त्या मुलींचा नाही. पण गर्दी जमली की तिच्याकडे सत्तेचे लक्ष जाते, हा नियम कोणत्याही धर्माला चुकलेला नाही.

२४.
दुसरे उदाहरण सोलचे. योंगी चो यांनी १९५८ मध्ये तंबूत सुरू केलेले योइडो चर्च जगातील सर्वांत मोठ्या चर्चांपैकी एक झाले. घरोघरच्या लहान गटांवर ते उभे होते, आणि त्या गटांच्या प्रमुख बहुतांशी स्त्रिया होत्या. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या शहरातील गरिबांना त्याने आधार दिला, हे खरे. २०१४ मध्ये चर्चच्या पैशांच्या गैरव्यवहारात चो यांना न्यायालयाने दोषी ठरवले, हेही खरे. यांतले एक खरे सांगून दुसरे लपवणारा माणूस भक्त असो वा टीकाकार, तो इतिहास सांगत नसतो.

२५.
याच काळात विद्वानही विचार करीत होते. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये धार्मिक अनुभवांवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला. अनुभव कोठून आला यावरून त्याची किंमत ठरवू नका, आयुष्यात त्याचे फळ काय आले ते पाहा, असे त्याचे म्हणणे. १९१२ मध्ये फ्रान्सच्या एमिल दुर्खेमने मांडले की समुदाय एकत्र येतो तेव्हा एक सामूहिक चैतन्य उसळते, आणि माणसे त्यालाच पवित्र शक्ती समजतात. बेलवाडीच्या रिंगणात अश्व धावतो तेव्हा आणि मुक्तीच्या मंदिरात हजार आवाज एकदम उठतात तेव्हा काय घडते, हे समजण्यास दोघेही उपयोगी आहेत. देव आहे की नाही, याचा निकाल मात्र दोघांपैकी एकही देत नाही.

२६.
केडगावचीच आणखी एक गंमत. मुक्ती मिशनपासून जवळच, त्याच गावच्या बेटावर, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नारायणमहाराज केडगावकरांचे दत्तस्थान नावारूपास आले. तेथेही भक्तांची रीघ लागली. आणि बारामतीत ऑस्ट्रेलियातील ‘चर्चेस ऑफ क्राइस्ट’ या पंथाच्या मिशनऱ्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केंद्र उभारले. या पंथाची मूळ भूमिकाच अशी की माणसांनी रचलेली सिद्धान्तसूत्रे श्रद्धेची कसोटी मानू नयेत. पन्नास मैलांच्या आत वारकरी, दत्तभक्त, सूफी दर्गे, रमाबाईंचे ख्रिस्ती आणि हे ऑस्ट्रेलियन, सगळे शेजारी. एकाच्या गर्दीने श्रद्धा सिद्ध होत असेल, तर सगळ्यांचीच सिद्ध होईल. म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथेच मिळते : गर्दी तत्त्वाचा पुरावा होऊ शकत नाही. ती माणसांच्या गरजेचा पुरावा असते, आणि गरज खोटी नसते.

२७.
संघटित संशयाची परंपराही आपल्याच जिल्ह्यात वाढली. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. आपला लढा देवाधर्माशी नसून शोषणाशी आहे, असे ते वारंवार सांगत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच महिन्यात अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यापूर्वीची अनेक वर्षे हा कायदा रखडला होता, आणि आक्षेप घेणाऱ्यांत काही वारकरी पुढारीही होते. अंतिम कायद्यात यात्रा, प्रदक्षिणा, हरिकीर्तन, प्रवचन, भजन यांना तो लागू नाही, असे स्पष्ट लिहिले आहे.

२८.
त्या कलमाकडे काही जण तडजोड म्हणून पाहतात. मला त्यात एक विचारी रेषा दिसते. कायदा श्रद्धेला हात लावत नाही, तो इजा आणि फसवणूक यांना हात लावतो. तुकोबांनी भोंदूंना झोडपताना हीच रेषा ओढली होती. फुल्यांनी पुरोहिताला नाकारून निर्मिक राखताना हीच ओढली होती. यासाठी एका माणसाला प्राण द्यावे लागले, याची मात्र लाज आपल्या पिढीने वाहिली पाहिजे. शंका विचारणारा मारला जातो तेव्हा श्रद्धेचा विजय होत नाही. मोरोपंतांना तर संशय ही देवाच्या गळ्यात घालायची माळ वाटत होती.

२९.
मग कोणत्याही समुदायाला, चर्च असो, दिंडी असो, मठ असो वा विवेकवाद्यांची सभा असो, आपण कोणत्या कसोट्या लावाव्यात? या रस्त्यावरच्या इतिहासातून तीन निघतात. पहिली : येथे प्रश्न विचारता येतो काय? वाँटेजच्या मठात रमाबाईंनी विचारले आणि त्यांना हाकलून दिले गेले नाही, हे वाँटेजच्या श्रेयात धरले पाहिजे. दुसरी : पैशाचा हिशेब उघडा आहे काय? सोलचा धडा हाच. तिसरी : येथून निघून जाता येते काय, आणि गेल्यावर अन्न, घर, नातेवाईक शिल्लक राहतात काय?

३०.
तिसरी कसोटी सर्वांत कठीण, आणि तीच मुक्ती सदनापुढे प्रश्नचिन्ह उभे करते. दुष्काळात आलेल्या अनाथ मुलीला जायला दुसरे घरच नव्हते. तिने वाचून, तोलून निवड केली, असे फुल्यांच्या कल्पनेतील कुटुंबाप्रमाणे म्हणता येणार नाही. पण तोच प्रश्न उलट बाजूनेही विचारावा लागतो : तिला वाचवायला दुसरे कोण गेले होते? ज्या समाजाने तिला रस्त्यावर मरायला सोडले, त्याला तिच्या धर्माची चिंता करण्याचा अधिकार किती? ही दोन्ही वाक्ये एका वेळी मनात धरता आली, तर रमाबाईंचा इतिहास समजू लागतो.

३१.
आणि रमाबाईंनी त्या मुलींना अक्षर दिले. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. प्रचलित भाषांतर फार संस्कृतप्रचुर, साध्या खेडवळ बाईला न कळणारे, अशी त्यांची तक्रार होती. संस्कृतच्या पंडितेनेच संस्कृत बाजूला ठेवले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. शेवटची मुद्रिते त्यांनी मृत्यूपूर्वी पुरी केली होती. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. अक्षरे जुळवणाऱ्या आणि छापणाऱ्या मुक्तीतील स्त्रियाच होत्या.

३२.
जिने स्वतः कोणत्याही गुरूचे सांगणे वाचल्याशिवाय मानले नाही, तिने आपल्यामागे प्रवचनांची गर्दी ठेवली नाही. ज्यांना वाचता येईल असे एक पुस्तक ठेवले, आणि ते वाचू शकतील अशा स्त्रिया ठेवल्या. ते पुस्तक वाचून पुढे कोणाला श्रद्धा झाली, कोणाला शंका. दोन्हींना लागणारे साधन एकच होते.

३३.
पुढच्या ज्येष्ठात पालखी वरवंडहून बारामतीकडे वळेल, काटेवाडीस मेंढ्या धावतील, इंदापुरास रिंगण होईल. केडगावात मुक्ती मिशनचे काम आजही चालू आहे. त्या बाजूला गेलात तर दोन्ही पाहा. भक्त म्हणून जा किंवा शंकेखोर म्हणून जा. तेथल्या माणसांशी बोला, आणि आपले मत घरी परतल्यावर बनवा.

धागा समाप्त. 🙏